मशीन कुणाच्या हातासाठी

आमच्या जिन्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. ते दांडीवाले आणि त्या वहिनी. म्हाताऱ्या, आजारी माणसांना धरून उठता यावं म्हणून बाथरूमच्या भिंतीला स्टीलच्या दांड्या असतात ना, त्या बसवायचं काम हे दोघं नवराबायको करतात. 'दांडीवाले कधी दांडी मारत नाहीत' हा विनोद जिन्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी करून झालाय, आणि दांडीवाले दरवेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसलेत.

वहिनी आधी शिवणकाम करायच्या. माणूस दारातून आत आला की त्याचा एक खांदा उतरता आहे हे त्यांना टेप लावायच्या आधी दिसायचं. पुढे एकदा एका आजीबाईंनी परक्या पुरुषाला बाथरूममध्ये घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा दांडीवाल्यांनी बायकोला बोलावून घेतलं. वहिनींनी आजींना कमोडवर बसवलं आणि म्हणाल्या, "आता उठा बघू. मी नाहीच असं समजून उठा." आजींचा हात भिंतीवर चाचपडत जिथं गेला तिथं त्यांनी पेन्सिलनं खूण केली. दांडीवाले म्हणाले, "इतकी खाली कोण लावतं?" वहिनी म्हणाल्या, "हात तिथं जातोय. भिंतीला विचारून काय उपयोग?" तेव्हापासून खूण वहिनींची आणि भोक दांडीवाल्यांचं, अशी वाटणी झाली ती झालीच.

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग तो अपघात झाला.

एका घरी नुकतंच कुणीतरी आंघोळ करून गेलं होतं, फरशी ओली होती. दांडीवाल्यांचं जुनं ड्रिल वायरचं. वायर पुरायची नाही म्हणून बाहेरच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड आणलेला. त्या बोर्डच्या वायरला मधेच एक जोड होता, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. वहिनी पॅसेजमध्ये दांडीचे स्क्रू मोजत होत्या. ड्रिलचा आवाज चालू होता, पण त्याचा सूर बदलला. भिंतीत शिरणाऱ्या मशीनला चढउतार असतो. हा आवाज एकसुरी होता. त्यांनी मान वळवली. दांडीवाले ताठ उभे होते, तोंड उघडं, आवाज नाही, आणि हात मशीनला चिकटलेला.

वहिनी त्यांच्याकडे धावल्या नाहीत. त्या उलट्या दिशेनं, बाहेरच्या खोलीकडे धावल्या आणि त्यांनी पिन ओढली. पुढे लोक म्हणायचे, काय प्रसंगावधान! वहिनी म्हणायच्या, "प्रसंगावधान कसलं, वायर समोर दिसली म्हणून ओढली."

जीव वाचला. उजव्या हाताची नस मात्र दुखावली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वेळ लागेल, किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

दांडीवाल्यांनी यातलं 'वेळ लागेल' तेवढंच ऐकलं. थोड्या दिवसांनी ते सांगू लागले, "हात एकदम ठणठणीत." चहाचा कप आता त्यांच्या डाव्या हातात असायचा. बटणांचे शर्ट कपाटात राहिले आणि ते रोज डोक्यातून घालायचे बनियनसारखे टीशर्ट घालू लागले. कुलूप उघडायची वेळ आली की खिसे चाचपत म्हणायचे, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" वहिनींच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं. पण त्यांनीही तोंडातून ब्र काढला नाही. उच्चारलं की खरं होतं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. एकाच खोलीत दोघं जण एकाच गोष्टीभोवती पाय न लागू देता फिरत होते.

जुनं मशीन वहिनींनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. विचारलंसुद्धा नाही. दांडीवाल्यांनी फक्त रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं.

अशात मास्तरीणबाईंच्या मुलीचा फोन आला. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. गुरुवारी दुपारी घरी आणणार होते आणि त्याआधी दांडी हवी होती. अपघातानंतर आलेली सगळी कामं या दोघांनी काही ना काही सबब सांगून टाळली होती. वहिनी आताही तेच सांगायला तोंड उघडणार, तोच दांडीवाल्यांनी डाव्या हातानं फोन घेतला आणि म्हणाले, "होऊन जाईल. काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर वहिनींनी विचारलं, "कशानं होऊन जाईल?"

"नवीन मशीन घेऊ."

"बिनवायरचं."

"बिनवायरचं तर बिनवायरचं. बॅटरीची खेळणी असतात ती, पण तुझ्या मनासारखं होऊ दे."

हत्यारांचं ते दुकान लांबट होतं. एका भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत ड्रिल टांगलेली आणि मागच्या बाजूला लाकडी बाकावर शिकंज्यात घट्ट आवळलेला काँक्रीटचा ठोकळा, गिऱ्हाइकानं चालवून बघावं म्हणून. ठोकळ्याला इतकी भोकं पडली होती की तो मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसत होता. दुकानदार गोरटेला, बोलका माणूस. त्यानं दांडीवाल्यांकडे बघून विचारलं, "काय काम करता, साहेब?"

दांडीवाल्यांनी सांगितलं.

"म्हणजे टाइल आणि काँक्रीट. मग हेच." त्यानं भिंतीवरून सगळ्यांत दणकट दिसणारं मशीन काढलं आणि दांडीवाल्यांच्या पुढं धरलं. "वायरवाल्याच्या तोंडात मारेल असं. ताकद बघा नुसती."

दांडीवाल्यांनी ते उजव्या हातानंच घेतलं. वहिनी त्यांच्या मनगटाकडे बघत होत्या. वजन हातात आल्यावर मनगट जरासं खचलं, मग सावरलं.

"मला बघू," वहिनी म्हणाल्या.

दुकानदारानं त्यांच्याकडे हसून बघितलं. "वहिनी, तुम्ही रंग सांगा. लाल आहे, निळं आहे."

"रंग राहू द्या. बॅटरी कशी निघते?"

"आत्ता काढायची कशाला?"

"बघायची आहे."

त्यानं जराशा नाखुशीनं दाखवलं. मुठीच्या तळाशी एक खटका, तो दाबायचा आणि बॅटरी पुढं सरकवून ओढायची. वहिनींनी एकदा काढली, एकदा घातली. दांडीवाले म्हणाले, "झालं समाधान? दे इकडं."

त्यांनी मशीन घेतलं आणि ठोकळ्यासमोर उभे राहिले. दुकानात आणखी दोनतीन गिऱ्हाइकं होती. एक जण प्लंबर असावा, पाइपाचा तुकडा हातात घेऊन बघत उभा राहिला. माणसं बघतायत म्हटल्यावर दांडीवाल्यांनी पाय फाकवून पवित्रा घेतला, अगदी पूर्वीसारखा. 'राहू द्या' हा शब्द अगदी ओठावर आला. पण चारचौघांत नवऱ्याला 'राहू द्या' म्हणायचं, तर पुढे 'का' पण सांगावं लागतं.

"बाजूचा दांडा लावून देऊ का, साहेब? दुसऱ्या हातानं धरायला?" दुकानदारानं विचारलं.

"नको. सवय आहे."

मशीन सुरू झालं. काँक्रीटची भुकटी उडाली, मशीनच्या तोंडचा बिट आत शिरू लागला. दांडीवाल्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी एक रुंद समाधान पसरलं. त्यांनी दुकानदाराकडे बघून भुवई उडवली. त्याच क्षणी बिट ठोकळ्याच्या आतल्या सळईत अडकला.

बिट जागच्या जागी थांबला आणि मशीनच फिरलं. मुठीसकट दांडीवाल्यांचा हात गरकन वळला, कोपर बाहेर गेलं आणि मनगट बाकाच्या कडेवर दाबलं गेलं. असं झालं तर कुठलाही माणूस पहिल्यांदा बटण सोडतो. बोटं आपोआप सुटतात. दांडीवाल्यांची सुटली नाहीत. मशीन गुरगुरत राहिलं, मनगट कडेवर आणखी आणखी दाबत राहिलं, आणि ते स्वतःच्या बोटांकडे अशा नजरेनं बघत होते की ती जणू दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

"सोडा! साहेब, सोडा!" दुकानदार ओरडला.

वहिनींची नजर खाली गेली. फरशीवर, बाकाखाली, भिंतीकडे. त्या वायर शोधत होत्या. वायर नव्हतीच. ती नसावी म्हणून तर इथं आलो! मग हात पुढं झाला, अंगठ्याला तळाचा खटका सापडला, आणि त्यांनी बॅटरी खसकन ओढून काढली.

प्लंबरनं पाइप खाली ठेवला.

वहिनींनी दांडीवाल्यांची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. मनगटावर बाकाच्या कडेचा लाल पट्टा उमटला होता, हाड शाबूत होतं. दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि घाईघाईनं म्हणाला, "होतं असं, साहेब. सळई लागली की भल्याभल्यांचं होतं. नवीन मशीन आहे, हात बसायला वेळ..."

त्यानं सुटायला वाट करून दिली होती. त्या वाटेनं दांडीवाल्यांना सहज निघून जाता आलं असतं. वहिनीसुद्धा काही बोलल्या नसत्या, त्या स्वतःच मला म्हणाल्या.

दांडीवाले पाणी प्यायले नाहीत. ग्लास डाव्या हातात धरून म्हणाले, "मशीनचा दोष नाही. माझ्या बोटांना कळत नाही. बटण दाबलंय का सोडलंय, समजतच नाही मला." मग बायकोकडे वळून, त्याच आवाजात, "तुला माहीत आहे ते. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?"

वहिनींनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि त्या दुकानात रडायचं नव्हतं.

"मशीन तिला दाखवा," दांडीवाले दुकानदाराला म्हणाले. "तिच्या हाताला."

आणि ते दुकानातून बाहेर जाऊन पायरीवर बसले, पाठ करून.

वहिनी सांगतात, त्या वेळी त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं की आपणही जावं, त्यांच्याशेजारी पायरीवर बसावं, मास्तरीणबाईंच्या मुलीला नाही म्हणून कळवावं, आणि शिवणयंत्र पुन्हा उघडावं. आयुष्यात त्यांनी एकही भोक पाडलं नव्हतं. आणि आता जे करायचं, ते नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातचं काढून घेतल्यासारखं होणार होतं. पण गुरुवार कुणासाठी थांबणार नव्हता. मास्तरीणबाई घरी येणार होत्या आणि कधीतरी कमोडवरून उठणारच होत्या.

दुकानदार आता एकदम छोटं मशीन घेऊन आला. "वहिनी, हे हलकं आहे. बायका आवडीनं घेतात. पडदे, फोटो, काय हवं ते."

"मला पडदे लावायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "एक स्टूल द्या. बुटका."

"स्टूल?"

"बाथरूममध्ये मी उभी नसणार. बसलेली असणार, नाहीतर गुडघ्यावर."

स्टूल आलं. वहिनी त्यावर बसल्या आणि एकेक मशीन गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीच्या दिशेनं धरून बघू लागल्या. सुरू न करता, नुसतं धरून. मोठ्या मशीनची मूठ त्यांच्या बोटांच्या कवेत मावत नव्हती. बटणापर्यंत बोट पोचवायला पकड ढिली करावी लागत होती. ते त्यांनी बाजूला ठेवलं. छोटं हातात छान बसलं, पण चालवून बघितलं तर काँक्रीटवर नुसतं किरकिरलं, आत काही जाईना. एक मधलं होतं. त्याची बॅटरी मागच्या बाजूला जड, त्यामुळं तोंड सारखं वर उचललं जायचं. तेही गेलं. दुकानदार आता मागितलं ते देत होता. एकदा त्यानं स्वतःच्या बुद्धीनं बाजूचा दांडा लावून दिला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे मघाशी का नाही लावलंत?" तो म्हणाला, "विचारलं होतं, साहेब नको म्हणाले."

शेवटी एक उरलं. फार हलकं नाही, फार जड नाही, मूठ बारीक, बटण जितकं दाबावं तितकंच फिरणारं. दुकानदार म्हणाला, "आणि याची खासियत म्हणजे, हे अडकलं, हिसका बसला की स्वतःच थांबतं. आत काहीतरी असतं, त्याला कळतं."

"खरंच थांबतं?"

"कंपनी सांगते तसं."

"कंपनीचा हात मोडणार नाही," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या आणि ठोकळ्याकडे गेल्या. मघाचं भोक तसंच होतं, आत सळईचं चकाकणारं टोक दिसत होतं. त्यांनी बिट त्याच भोकावर टेकवला.

"नको!"

दांडीवाले दारात उभे होते. "अगं, तिथं नको. वेड लागलंय का तुला?"

"मग कुठं? जिथं अडकत नाही तिथं बघून काय कळणार?"

"हात मोडून घेशील!"

"मग तुम्ही सांगा, कसं धरू."

थोडा वेळ ते दारातच राहिले. मग आले. त्यांनी हात लावला नाही, वहिनींच्या मागे उभं राहून बोलू लागले. "डावा हात दांड्यावर. घट्ट. कोपर अंगाला चिकटव. खांद्यानं ढकलायचं नाही, अंगाचं वजन टाकायचं. मनगट सरळ. सरळ म्हणतोय ना! आणि बटणावर एकच बोट. सगळी मूठ आवळू नकोस."

वहिनींनी बटण दाबलं. भुकटी उडाली. आवाज चढला, बिट आत गेला, अजून थोडा आत, आणि मग खटकन हिसका बसला. त्यांच्या दोन्ही हातांतून झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या. डोळे मिटले गेले. डोळे उघडले तेव्हा मशीन गप्प होतं, अजून त्यांच्याच हातात, मनगट जिथल्या तिथं.

"परत," दांडीवाले म्हणाले.

वहिनींनी परत केलं. परत ते थांबलं. तिसऱ्यांदा दांडीवाल्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "घे. हेच घे."

घरी येताना मशीनची पेटी दांडीवाल्यांनी उचलली होती, डाव्या हातात. वहिनींनी हात पुढं केला तर त्यांनी दिली नाही.

मधल्या दिवसांत वहिनींनी गच्चीवर पडलेल्या जुन्या काँक्रीटच्या कुंडीत भोकं पाडून पाडून तिची चाळण केली. आम्हाला जिन्यात आवाज यायचा आणि त्याच्यावर दांडीवाल्यांचा आवाज, "तिरकं जातंय! बिटाकडं नको बघूस, भिंतीकडं बघ!" कधी वहिनींचा, "ओरडू नका, बहिरी नाही मी!" एकदा त्या खाली आल्या तेव्हा केसांत, भुवयांत पांढरी भुकटी होती. मी विचारलं, जमतंय का? त्या म्हणाल्या, "मशीनचं जमलं. मास्तरांचं जमत नाही."

गुरुवारी सकाळी दोघं मास्तरीणबाईंच्या घरी गेले. मुलगी दार उघडून दवाखान्यात निघून गेली. म्हणाली, आम्ही येऊ तेव्हा झालेलं असेल ना?

एक अडचण होती. मास्तरीणबाईंचं उठणं वहिनींनी बघितलेलं नव्हतं. त्यांनी मुलीकडून आईची उंची, कुठली बाजू मोडली, उजवा हात चालतो का डावा, हे सगळं विचारून घेतलं होतं. दवाखान्यात जाऊन बाईंना खुर्चीवरून उठतानाही बघून आल्या होत्या. त्या बेतानं त्यांनी दोन खुणा केल्या, खूण केल्यावर पुन्हा बसून, डोळे मिटून हात फिरवून बघितला, आणि खुणांवर चिकटपट्टी लावली. गुळगुळीत टाइलवर बिट घसरू नये म्हणून.

दांडीवाले बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहिले. आत जागा एकाचीच होती.

पहिलं भोक टाइलला तडा न जाता पडलं. आधी हळू, मशीनचा हातोडीसारखा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवत, टाइल पार झाल्यावर मग ठोका सुरू. भिंतीत पुरेसं आत गेल्यावर वहिनींनी श्वास सोडला. दुसऱ्या खुणेवर टाइल पार झाली, ठोका सुरू केला आणि बोटभरही आत गेलं नाही तोच हिसका बसला. मशीन थांबलं.

"काय झालं?" बाहेरून.

वहिनींच्या मनात आलं, भिंतीत पाण्याचा पाइप असेल तर? गावभर पाणी. त्यांनी बिट हळूच मागं घेतला, भोकाला बोट लावलं. कोरडं होतं. बोटाला लागली ती करड्या भुकटीत मिसळलेली लोखंडाची चकाकी.

"सळई आहे."

"मग दोन बोटं वर घे. किंवा खाली. झाकण मोठं आहे दांडीचं, आधीचं भोक झाकेल."

"खाली घेतली तर दांडी सरळ ठेवायला पहिलं भोकही पुन्हा पाडावं लागेल. आणि सगळी दांडीच वर घेतली तर त्यांचा हात पोचणार नाही. खांदा उचलावा लागेल, तोल जाईल."

"अगं, दोन बोटांनी काय फरक पडतो!"

"पडतो."

"मी इतकी वर्षं..."

वहिनी स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होत्या. बाहेर रस्त्यावर एखादी गाडी थांबली की दोघांचेही कान टवकारत होते. बारा वाजून गेले होते. सळईवर आणखी जोर केला तर बिट मोडणार, आणि दुसरा आणलेला नव्हता.

वहिनींनी पहिल्या भोकाशी दांडीचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक हळूहळू फिरवलं, घड्याळाच्या काट्यासारखं. पुढच्या बाजूला, वरती. दांडी तिरकी झाली. मग त्या कमोडवर बसल्या, मास्तरीणबाईंसारखा डावा पाय पुढं टाकला, डोळे मिटले आणि उठल्या. हात खालच्या टोकाशी पडला आणि उठता उठता दांडीवरून वर सरकत गेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिरकी लावते."

"तिरकी?" दांडीवाल्यांनी डोकं आत घातलं. "दिसेल कशी ती? लोक म्हणतील, बाईनं लावली म्हणून वाकडी लागली."

"म्हणू देत. बसा इथं आणि उठा."

"मी?"

"उजव्या हातानं धरून उठा. चांगल्या हातानं नको."

दांडीवाले बसले. उजवा हात दांडीच्या खालच्या टोकावर ठेवला. वहिनींनी दांडी आपल्या दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरली होती. त्या बोटांना काही कळत नव्हतं, पण तळवा टेकला, पुढं सरकला, आणि ते उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग म्हणाले, "कर खूण."

वहिनींनी नव्या खुणेवर बिट टेकवला. इथंही सळई लागली तर पुढं काही मार्ग नव्हता. टाइल पार झाली. ठोका. भुकटी येत राहिली, पांढरी, मग करडी, मग नुसती करडी. दांडीवाले बाहेरून आवाज ऐकत होते. "येतंय... येतंय... चढउतार आहे, घाबरू नकोस... बस!"

भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या गेल्या, स्क्रू गेले. दांडीवाल्यांनी डाव्या हातानं दांडी धरली, दोन्ही पाय उचलले आणि आपलं सगळं वजन तिच्यावर सोडलं. दांडी तसूभर हलली नाही. ते तसेच लोंबकळत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"उतरा आता. लहान मूल आहात का?" वहिनी म्हणाल्या. आणि मग त्यांना ते रडू आलं, जे दुकानात आवरलं होतं. दांडीवाले खाली उतरले आणि फरशीवरची भुकटी पुसायला लागले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

मास्तरीणबाई आल्या त्या चाकाच्या खुर्चीत. दमलेल्या होत्या, चिडलेल्या होत्या. बाथरूममध्ये नेल्यावर त्यांनी पहिल्यांदा दांडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाकडी आहे ही. पट्टीनं रेघ मारायची नाही का आधी?"

दांडीवाल्यांनी बायकोकडे बघितलं.

"मारली होती, बाई," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हाताच्या मापानं मारली. आता उठून बघा. आम्ही बाहेर थांबतो."

दार ओढून घेतलं. आत मुलगी होती. बाहेर दोघं भिंतीला टेकून उभे. आतून कपड्यांची सळसळ, मुलीचं "सावकाश, आई", मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. वहिनींनी दांडीवाल्यांचा हात धरला. उजवाच धरला होता, त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. मग आत स्टीलवर अंगठी घासल्याचा बारीक आवाज झाला, खालून वर सरकत गेला, आणि मास्तरीणबाईंचा आवाज आला, शाळेत असावा तसा खणखणीत.

"उभी आहे मी. दार उघडा."

त्यानंतर कामं पुन्हा सुरू झाली. दांडीवाल्यांच्या हातात थोडी जाण परत आली. अंगठा आणि पहिलं बोट आता सांगतात, बाकीची अजून मुकी आहेत. घरातल्या माणसांशी बोलायचं, भिंत वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, शेवटी लोंबकळून बघायचं, हे त्यांचं काम. मशीन वहिनींचं. सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं मात्र नाही. काही सकाळी दांडीवाले उठून खिडकीशी बसतात आणि म्हणतात, आज तू एकटीच जा. वहिनी समजूत काढत नाहीत. पेटी उचलतात आणि जातात.

परवा त्या अशाच एकट्या निघाल्या होत्या. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा पायरीवर भेटले, म्हणाले, "काय वहिनी, आज दांडीवाल्यांनी दांडी मारली वाटतं?"

वहिनी थांबल्या. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हो," म्हणाल्या, "आज त्यांची मर्जी नाही. उद्या येतील." आणि जिना उतरून गेल्या.